बाराव्या पोत्याआधी आलेला फोन

गावाकडे कुणाच्या अंगात यायला लागलं की बाकीची पोरं बघायला पुढं सरकायची आणि मी माझ्या चपला शोधायचो. भीतीनं नाही... मला ते सगळं खोटं वाटायचं. अजूनही वाटतं. या पेजवरचे लोकांचे अनुभव मी जेवताना मोबाइलवर वाचतो आणि निम्म्या वेळा मनात म्हणतो, राव, जरा कमी करा की. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय तर माझं मलाच कसंतरी होतंय. शिक्षण आठवीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. माणसांची नावं बदलली आहेत, नर्सिंग होमचं नाव सांगणार नाही. बाकी जसं झालं तसंच लिहितोय.

मी केशव. हिंगोली जिल्ह्यातला. दिल्लीला आलो ते यूपीएससी करणाऱ्या आपल्या मराठी पोरांच्या मेसवर पोळ्या लाटायला. लॉकडाऊनमध्ये पोरं गावी गेली, मेस बंद पडली, आणि मी राजेंद्र नगरच्या एका खोलीत रिकाम्या परातीसमोर बसून राहिलो. त्यातल्याच एका पोराचे मामा म्हणजे नाडकर्णी सर. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, आधी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होते, आता दिल्लीतल्याच द्वारकाला फ्लॅट आहे. त्यांनी नवीन धंदा काढला होता. मला म्हणाले, "गाडी चालवता येते ना? मग बस झालं. बाकीचं शिकशील यार." काकूंनी पहिले दोन महिने घरी जेवायला घातलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आमचं काम असं — हॉस्पिटल, वकील, बँका यांना जुने कागद रद्दीवाल्याला देता येत नाहीत, त्यात लोकांची नावं-पत्ते, आजार सगळं असतं. मग ते आम्हाला बोलावतात. आमच्या गाडीतच कापायचं मशीन आहे. पोती सील केलेली येतात. ती पार्टीच्या, म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांच्या, माणसासमोर मशीनमध्ये ओतायची, त्यानं बघून सही करायची, आम्ही नष्ट केल्याचं सर्टिफिकेट द्यायचं. नियम एकच. सील झालेलं पोतं आत काय आहे हे बघायला उघडायचं नाही. सर म्हणतात, आपण कागद कापत नाही केशव, आपण भरवसा विकतो.

पश्चिम दिल्लीतलं ते नर्सिंग होम आमची पहिली मोठी पार्टी. तिथल्या रेकॉर्ड रूमच्या बत्रा मॅडमनी तीन कंपन्यांना बोलावलं होतं. दोघं टाय लावून, लॅपटॉप घेऊन आले. आमच्या सरांना नेमका ताप, म्हणून मी एकटाच गाडी घेऊन गेलो. मॅडमनी फॉर्म पुढं केला. मी तो उलटा-सुलटा बघत बसलो.

"पढ़ना नहीं आता?"

"मराठी आती है मॅडम, हिंदी भी. अंग्रेजी नहीं."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बस, तो मराठे, तू ही चाहिए मुझे. जो पढ़ेगा नहीं, वो बाहर जाकर बकेगा भी नहीं."

आणि गंमत म्हणजे पुढं त्यांनीच मला वाचायला शिकवलं! त्यांची पद्धत होती — फाइल पोत्यात जायच्या आधी तिच्यावरचं नाव एकदा मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्या कुणी ते यादीशी ताडून बघायचं. यातून चुकून आलेली फाइल सापडायची, हे एक. दुसरं त्यांच्याच शब्दांत, "किसी का आख़िरी काग़ज़ है, नाम तो ले लो उसका." सुरुवातीला त्या वाचायच्या. नंतर मला वाचायला लावायला लागल्या. चुकलो की फाइलनं डोक्यात मारायच्या. चार वर्षांत मी इंग्रजी वाचायला शिकलो ते असं, अनोळखी आजारी माणसांच्या नावांवरून.

मागच्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या. चार महिन्यांतच त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्याही द्वारकालाच राहायच्या, मुलीकडे. मी एकदा संत्री घेऊन गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं. मुलगी, रिंकी दीदी, म्हणाली, "भैया, मुझे भी ऐसे ही देखती हैं."

आता तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती, हवा इतकी खराब की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. नर्सिंग होमला नवीन मॅनेजर आले होते, खन्ना म्हणून. त्यांचं सगळं फास्ट. नावं वाचणं बंद. त्यांच्या माणसांनी आधीच पोती भरून, सील करून, नुसते नंबर टाकून ठेवली होती. एकोणीस पोती. शिवाय खन्नांनी सरांना आधीच ऐकवलं होतं की दुसरी कंपनी तयार आहे, जरा गडबड झाली तर बघा.

सकाळी दहाला मी गेटपास घ्यायला काउंटरवर गेलो तर एक माणूस हात जोडून उभा. साधा स्वेटर, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्याची मुलगी झोया, नऊ वर्षांची. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं पोटाचं ऑपरेशन इथंच झालं होतं. आता परत त्रास सुरू झालाय, सरकारी हॉस्पिटलात दाखल आहे, आणि तिथले डॉक्टर म्हणतात, तेव्हा आत काय कापलं, काय जोडलं तो कागद आणा. त्याशिवाय उघडायचं म्हणजे अंधारात हात घालणं.

"साहब, एक बार और देख लीजिए. परसों ऑपरेशन है."

काउंटरवरच्यानं कॉम्प्युटर बघितला. "झोया नाम से कुछ नहीं है." खन्ना मागून म्हणाले, "नौ साल पुराना है भाई, नष्ट हो गया होगा."

नष्ट हो गया होगा... म्हणजे मी केलं असणार. इथले कागद दुसरं कोण कापतं? त्या माणसानं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मला माझे हात खिशात घालावेसे वाटले.

साडेदहाला मागच्या आवारात मशीन चालू केलं. खन्नांचा एक माणूस खुर्ची टाकून बघत बसला. एक, दोन, तीन... मशीनचा आवाज असा की शेजारचं काही ऐकू येत नाही. अकरा पोती झाली. बारावं उचललं आणि खिशात मोबाइल थरथरला. रिंकी दीदी. मला वाटलं, मॅडम गेल्या. मशीन बंद केलं.

दीदी रडत होती. "भैया, मम्मी बोलीं. अभी, दो मिनट पहले. बिल्कुल साफ़. बोलीं — मराठे को बोल, रुके. बेबी ऑफ शबनम."

"क्या?"

"बस इतना. फिर चुप. ये शबनम कौन है भैया?"

मला काही माहीत नव्हतं. एवढं मात्र माहीत होतं की नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून त्याची फाइल आईच्या नावानं लागते. 'बेबी ऑफ' आणि पुढं आईचं नाव. हे मॅडमनीच शिकवलं होतं. काउंटरवरचा पोरगा मात्र झोया शोधत होता.

मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, आणि सांगताना मलाच वाटत होतं की हा माणूस आता मला कामावरून काढणार. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"केशव, सील तोडलंस तर ही पार्टी गेली. माहितीये ना?"

"हो सर."

"आणि नाही तोडलंस तर?"

"तर त्या पोरीचा कागद कापला जाईल सर."

"मग मला कशाला विचारतोस? तोड. खन्नाचं मी बघतो."

मी बारावं पोतं गाडीतच पालथं केलं आणि मांडी घालून बसलो. खुर्चीवरचा माणूस ओरडत खन्नांना बोलवायला पळाला. मी एक-एक फाइल उचलून नाव मोठ्यानं वाचत होतो. मनात वाचायला मला अजून नीट जमत नाही, घाई झाली की अक्षरं पळतात. खन्ना आले. "ये क्या तमाशा है? पागल हो गया है तू? सील किससे पूछकर तोड़ी?" मी वाचत राहिलो. त्यांनी माझा दंड धरला. मी म्हणालो, "साहब, पुलिस को बुला लो, मैं भागूँगा नहीं. बस ये देखने दो." माझा आवाज रडका झाला होता, खोटं कशाला सांगू.

त्यांनी दंड सोडला. बारावं, तेरावं पालथं करून झालं, चौदाव्या पोत्यात सापडली. पातळ फाइल, कोपरा उंदरानं खाल्लेला. बेबी ऑफ शबनम. आत डॉक्टरच्या हातचं पान, पोटाचं चित्र काढलेलं, बाण दाखवलेले.

खन्नांनी फाइल हातात घेऊन चाळली. त्यांचीच माणसं जपून ठेवायच्या फाइली कापायच्या पोत्यात भरत होती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. गार्डच्या रजिस्टरमध्ये सकाळच्या त्या माणसाचा नंबर होता. मीच लावला. तो मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर बसला होता.

"भाईसाहब, झोया की अम्मी का नाम शबनम है क्या?"

तो हळूच म्हणाला, "शबनम तो पिछले साल गुज़र गई. आपको उसका नाम किसने बताया?"

मी म्हणालो, आप बस आ जाइए.

तो धावत आला. त्यानं ते पान दोन्ही हातांत धरलं आणि होता तिथंच खाली बसला. खन्नांनीच झेरॉक्स काढून, शिक्का मारून दिली... हेही सांगायला पाहिजे.

पार्टी गेलीच. पुढच्या महिन्यापासून दुसरी कंपनी जाते. सरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट काकू म्हणाल्या, "चांगलं केलंस हो." झोयाचं ऑपरेशन झालं. तिच्या वडिलांचा एकदाच फोन आला, म्हणाले, डॉक्टर बोलले की हे पान नसतं तर आम्ही चुकीच्या जागी उघडलं असतं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही बत्रा मॅडमना कधी भेटला होतात? घरी गेला होतात? नाही. नावही ऐकलं नव्हतं. रिंकी दीदीला विचारलं, त्या दिवशी मी कुठं कामाला आहे हे घरात कुणाला माहीत होतं का? नाही. सर म्हणतात, "अरे, बाईच्या डोक्यात वीस-पंचवीस वर्षांची नावं भरलेली, त्यातलं एक बाहेर पडलं." असेलही. पण हजारोंमधलं नेमकं तेच? आणि मी बारावं पोतं उचलल्यावरच? सर यावर चष्मा पुसतात.

मॅडम त्यानंतर एक शब्दही बोलल्या नाहीत. फेब्रुवारीत गेल्या. मी त्यांना पोचवायला निगमबोध घाटावर, स्मशानात, गेलो होतो. तेराव्याला रिंकी दीदी माझ्याजवळ येऊन बसली आणि जे बोलली, त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहितोय.

"भैया, आपको एक बात नहीं बताई. उस दिन मम्मी सुबह से ही बड़बड़ा रही थीं. साढ़े दस से. बीच में साँस लेतीं, फिर शुरू. हमें कुछ समझ नहीं आया. साफ़ तो बस वही एक निकला."

साडेदहाला मी मशीन चालू केलं होतं. आणि फाइलींवरची नावं वाचायला त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं.

अकरा पोती. एका पोत्यात साठ-सत्तर फाइली बसतात. त्यात कुणाचं काय होतं, त्यातलं किती चुकून आलं होतं, कुणी सांगू शकत नाही. सर्टिफिकेटवर सही माझी आहे.

दीदीनं डॉक्टरला दाखवायला म्हणून त्या सकाळी मोबाइलवर मॅडमचं रेकॉर्डिंग केलं होतं. चार मिनिटांचं. डॉक्टरनं ऐकून सांगितलं, नुसते आवाज आहेत, यात शब्द नाहीत. दीदी म्हणाली, "आप उनके साथ इतना बैठे हो, शायद आपको समझ आए. भेज दूँ?"

मला याचा अर्थ अजून लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागत असेल तर सांगा. दीदीचा मेसेज दर आठ-पंधरा दिवसांनी येतो, "भैया, भेजूँ?" मी अजून हो म्हटलेलं नाही.