बेइज्जतीचा साक्षीदार

चहा येईपर्यंत माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट ऐकून घ्या. कोर्टात माझा अर्धा दावा माझ्याच साक्षीदाराने बुडवला, तोही पदरचं पेट्रोल जाळून आलेला! आणि त्या बिचाऱ्याची त्यात काडीचीही चूक नव्हती.

झालं असं. मी नागपुरात बर्डीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतो, राहतो शहराबाहेर बेसाला. एका सकाळी पोलीस आले आणि मला उचलून घेऊन गेले. वॉरंट होतं माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं, तांब्याच्या तारांच्या चोरीतलं. "साहेब, बापाचं नाव तर वाचा!" मी ओरडत होतो. वाचलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी! जुळेना, तेव्हा म्हणाले, "जा घरी." साधं सॉरीसुद्धा नाही हो!

आत काय झालं ते मी बायकोलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पण सोसायटीच्या गेटवरच सुधाकर उभा. माझा शेजारी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला. माझा शब्द न् शब्द खरा मानणारा जगातला एकमेव प्राणी.

"काय झालं गा भाऊ? मारलं काय तुले?"

त्याच्या मागे अर्धी सोसायटी गोळा. आता तुम्हीच सांगा, एवढ्या लोकांसमोर खरं कोण बोलतं?

"मले मारते? इन्स्पेक्टरनं सोताची खुर्ची देल्ली! तर्री-पोहे मागवले!"

दुसऱ्या दिवशी पोह्यांची कोंबडी झाली. आठवडाभरात कोठडीतले दोन दादा माझे पाय चेपू लागले, आणि निघताना अख्खं ठाणं मला फाटकापर्यंत सोडायला आलं. लोक वाकून नमस्कार करू लागले. मी तरी कुठे थांबणार?

मग नुकसानभरपाईचा दावा लावला. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे बक्षीस नसतं. तुमचं जे हिरावलं, ते जमेल तेवढं भरून द्यायचं, एवढाच याचा हेतू. एक, कोठडीत गेलेलं तुमचं स्वातंत्र्य. दोन, झालेली बेइज्जती आणि मनस्ताप. पहिल्याचे कागद आहेत. दुसऱ्यासाठी, सुटल्यावर तुमची अवस्था पाहिलेला माणूस आणा."

मला तेच तर हवं होतं. या माणसाशी जे झालं ते वाईट झालं, असं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं. बस्स!

आणि मी नेलं कोणाला? सुधाकरला! त्याला पढवायचं म्हणजे आधी खरं सांगावं लागलं असतं. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. "तुले माहीत आहे तेवढं सांग," एवढंच म्हटलं.

वकीलबाईंनी विचारलं, "सुटल्यावर यांची अवस्था कशी होती?"

सुधाकरची छाती फुगली. "राजासारखी, मॅडम! पोलीसवालेच भिऊन राहिले होते याले. आता अख्खी सोसायटी मानते. आधी कुत्रं इचारत नव्हतं!"

वकीलबाईंनी डोळे मिटले. सरकारी वकील "मला काही विचारायचं नाही" म्हणाले, आणि नव्या जावयाकडे पाहावं तसे सुधाकरकडे पाहत राहिले.

न्यायाधीशबाईंनी मला पुन्हा उभं केलं. "मग खरं काय?"

सांगितलं. पायजम्याची नाडी काढून घेतली होती. कोणी फास लावून घेऊ नये म्हणून काढतात म्हणे. दिवसभर एका हातानं पायजमा धरून उभा होतो. माझ्या दुकानात नेहमी येणारे एक रिटायर्ड गुरुजी काही तक्रार घेऊन ठाण्यात आले. मला पाहिलं. मी सवयीनं नमस्काराला दोन्ही हात जोडले. दोन्ही!

गुरुजी मान फिरवून निघून गेले. ते पुन्हा दुकानात आले नाहीत. मी कोपऱ्यात बसून लहान पोरासारखा रडलो होतो. हे सांगतानाही रडलो.

"मॅडम, यातलं कोणतं खरं धरायचं?" सरकारी वकिलांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

निकाल लागला. अटक बेकायदेशीर, कोठडीतल्या वेळेची भरपाई मंजूर. बेइज्जती? सिद्ध झाली नाही. उलट अटकेनंतर प्रतिष्ठा वाढली, असं वादीच्याच साक्षीदाराचं म्हणणं.

मी बाहेर पायऱ्यांवर डोकं धरून बसलो. सुधाकर शेजारी टेकला. बराच वेळ पाठीवर हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला,

"मी तं जे खरं तेच सांगतलं गा. पण भाऊ, ते नाडीचं काहून फेकलं तू? असं कोणाले पटन काय?"