पोळ्यात डिस्को

आमचा डिस्को ग्रुप अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जुळला आणि दसऱ्याच्या आत मोडला. मी गायची, सावंगीच्या दवाखान्यात माझ्यासोबत काम करणारा एकजण ऑक्टोपॅड वाजवायचा आणि त्याचा मित्र कीबोर्ड. तिघांनाही टिकल्यांची जाकिटं. लोक हसायचे, हसोत बापडे. मला एकच ध्यास होता, आमच्या गावी, आंजीत, बाबांसमोर गायचं.

बाबा शेतकरी, आणि पोळ्याच्या झडत्यांत गावात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बैल तोरणाखाली उभे असतात, एकजण खड्या आवाजात यमक जुळवत टोमणे हाणतो, शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात, ती झडती. डिस्को म्हणजे त्यांच्या लेखी धिंगाणा, त्यात पोरीनं तर नाहीच. पण आवाज मला त्यांचाच मिळालाय. तो गिळून बसायला मी तयार नव्हते.

त्या वर्षी पोळा समितीनं बोलावलं. तोरण तुटून बैल घरी गेले की आमची गाणी, असं ठरलं होतं. ऑक्टोपॅडवाला शहरात वाढलेला. बाबांची झडती संपली, गजर झाला आणि यानं तोच इशारा समजून थाप दिली. दुसऱ्यांच्या झडत्या बाकीच होत्या. आमचीच बैलजोडी आधी उधळली, तोरण शिंगांत घेऊन गेली. कोणाला लागलं नाही, पण बाबांची मान खाली गेली आणि मला रडू आलं.

जेवताना ते म्हणाले, "काऊन वं, बैलाईले नाचवाले गेलती का?"

"चुकलं बाबा. पन उद्या तान्हा पोळा हाये. लाकडाचे बैल पयत नाई. मी गाईनच."

ते ताट सारून हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन जमली. समितीतल्या काकांनी माइक अडवला. "आधी झडती, मंग तुमचं." झडती म्हणणारे बाबा आलेच नव्हते. म्हटलं, मीच म्हणते. बाईनं झडती म्हटलेली आमच्याकडे कोणी ऐकली नव्हती. मी माइक ओढून घेतला.

"टिकल्याचं जाकीट, डिस्कोची थाप,
बैल पयाले, चिडला बाप…"

लोक खो खो हसले. पुढची ओळ मात्र काही केल्या सुचेना. तरी खाली उतरायचं नाही हे पक्कं होतं. तेवढ्यात गर्दीच्या मागून तो ओळखीचा खडा आवाज आला.

"नाई पोरीच्या हट्टाले माप!"

गजर झाला. कालचा धसका घेतलेला ऑक्टोपॅडवाला हात वर धरून नुसता बघत राहिला. बाबा वाट काढत पुढं आले.

"वाजव ना बाबू," ते त्याला म्हणाले. "माही पोरगी कवाची उभी हाये."