सोमवारची भट्टी

मी जर्मनीला निघाले तो वार सोमवार होता, कारण इतर कुठल्या वारी मला सोडायला घरचं कोणी आलं नसतं. आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून त्या काळी औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिलेले असत. आमच्या वाट्याला सोमवार आला होता. तिकीट काढायच्या आधीच आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "सोमवारचं बघ. भट्टी सोडून मी यायचा न्हाय." मी सोमवारचं बघितलं. हायवेला मुंबईची बस आली. आप्पांनी बॅग स्वतः डिकीत ठेवली, ती आडवी टाकली म्हणून क्लीनरला सुनावलं आणि मला म्हणाले, पोचलीस की फोन कर. रडारड झाली नाही. आमच्यात ती पद्धत नाही, आणि बसही थांबायला तयार नव्हती.

सोमवारच्या सुट्टीनं आमच्या घराचं कॅलेंडर वेगळंच करून टाकलं होतं. रविवारी आम्हा भावंडांची शाळा बंद, तेव्हा आप्पा कारखान्यात. सोमवारी आप्पा घरी, तेव्हा आम्ही शाळेत. इचलकरंजीच्या मावशीकडे मागांची सुट्टी तिसऱ्याच वारी. सगळ्यांनी एकत्र जेवायचं तर नात्यात कुणाचं तरी लग्न निघावं लागे. पण कामगारांना सोमवार सोयीचा होता. बँक उघडी, तलाठी जागेवर, डॉक्टर दवाखान्यात. रजा न टाकता सगळी कामं उरकत.

जर्मनीत रविवार म्हणजे रविवार. दुकानं बंद, रस्ते ओस. पहिल्याच महिन्यात मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन वार कुठला आहे ते मला समजावून सांगितलं. मी शिकले. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते, टॅक्स भरते, कचरा चार डब्यांत वेगळा करते. पण घरी निवांत फोन करायचा तो सोमवारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत.

इतक्या वर्षांत दोन्ही टोकं बदलली. पूर्वी मी बॅग भरून नेलेली चॉकलेटं आता राजारामपुरीत मिळतात, आणि कोल्हापूरचा मसाला मला इथल्या दुकानात मिळतो, फक्त दुकानदार श्रीलंकेचा. मुंबईपर्यंत बसनं जायची गरज उरली नाही, कोल्हापुरातून विमान उडतं. हे सगळं सोयीचं झालं. गैरसोय एकच, ती आमच्याच घरावर आली. गाड्या बॅटरीवर चालायला लागल्या. आमची फाउंड्री इंजिनाचे भाग ओतते. बॅटरीच्या गाडीला इंजिन नसतं.

आप्पांनी कारभार माझा धाकटा भाऊ संजू याच्यावर सोपवला होता. दोन पाळ्यांची एक पाळी त्यालाच करावी लागली. शेजारची फाउंड्री बंद पडली, तिथं आता घरपोच माल पाठवणाऱ्यांचं गोदाम आहे. संजूनं हातपाय मारले. पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सना आवरणं लागतात, ती घेणारी एक जर्मन कंपनी त्यानं स्वतः शोधून काढली. माझा त्यात संबंध नव्हता. ते काम मिळालं तर दुसरी पाळी परत सुरू होणार होती. नाही मिळालं तर, असं तो बोलत नव्हता, पण शेड भाड्यानं मागायला माणसं येऊन गेली होती.

कंपनीच्या खरेदी विभागाच्या वेबरबाई कारखाना बघायला यायच्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठला वार चालेल? संजूनं कळवलं, कुठलाही चालेल, आपलं स्वागत आहे. वेबरबाईंचा आठवडा सोमवारी सुरू होतो. त्यांनी सोमवार कळवला.

मी फोनवर म्हटलं, मंगळवार सांग. एक दिवसाचा प्रश्न आहे.

"आक्का, पावणं स्वतः येतो म्हणायल्यात," संजू म्हणाला, "आन आपण नगं म्हणायचं व्हय?"

आप्पांचंही तेच मत पडलं. पाहुण्याला कुठलाही वार चालेल म्हणायचं आणि त्यानं सांगितला की नाही म्हणायचं, असं आपल्यात कधी झालं नाही. मग या दोघांनी सोमवारी कारखाना चालू असल्याचा देखावा उभा केला. रविवारी संध्याकाळीच साचे तयार ठेवले. भट्टी पेटवायला माणसं विनवून बोलावली. बिहार-ओडिशाची पोरं आवारातच राहत असल्यामुळे आली. गावाकडच्यांपैकी निम्मी आली, ती जिथं होती तिथून. एकाच्या बहिणीचा साखरपुडा होता. तो नवा पांढरा शर्ट आणि कपाळावर ठसठशीत कुंकू घेऊन भट्टीपुढे उभा राहिला.

बाईंना इंग्रजी येत होतं, संजूलाही येतं. तरी आप्पांनी मला व्हिडिओ कॉलवर बसवलं. त्यांच्या भाषेत बोललं की बरं वाटतं, म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन स्वयंपाकघरात बसले. फोनच्या पडद्यावर लाल लोखंड ओतलं जाताना दिसत होतं, आणि मागे पांढऱ्या शर्टातला तो, ठिणग्यांपासून शर्ट वाचवत उलटा सरकणारा. वेबरबाईंनी त्याच्याकडे बघितलं, रिकाम्या सायकल स्टँडकडे बघितलं. मग फोनजवळ येऊन त्यांनी मला जर्मनमध्ये शांतपणे विचारलं, "आज यांना सुट्टी आहे का?"

हे फक्त मला कळलं होतं. संजू हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, बाई कौतुक करतायत.

मी हो म्हणाले. मग संजूला मराठीत सांगितलं की बाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं. आक्कानंच घालवली ऑर्डर."

वेबरबाई चिडल्या नाहीत. मी वार विचारला होता, एवढंच म्हणाल्या. मग पुढचं म्हणाल्या. आवरणाला चीर गेली तर ती मला त्याच दिवशी कळायला हवी, जर्मनीत खोका उघडल्यावर नव्हे. हे लोक मला कळवतील का?

मी ते जसंच्या तसं सांगितलं. संजू इंग्रजीत माफीचं काहीतरी जुळवत होता, तेवढ्यात आप्पांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"तिला सांग, सोमवारी आमची सुट्टी आस्ती. भट्टी तुझ्यासाठी पेटवली. खरा कारखाना उद्या बघ." मग म्हणाले, "आन हेबी सांग. तिनं दिलेल्या तारखेला पयला माल व्हायचा न्हाय. दीड म्हैना जादा लागंल."

संजू म्हणाला, "आप्पा, आता तरी गप बसा की."

"का? तिनंच इचारलंय न्हवं, सांगशीला का म्हणून?"

मी दोन्ही वाक्यं सांगितली. दीड महिना सांगताना आवाज खाली आणला नाही. वेबरबाईंनी लिहून घेतलं आणि हॉटेलचा मुक्काम एक दिवस वाढवला. मंगळवारी सगळे मळक्या कपड्यांत होते. मला कॉलवर कुणी बोलावलं नाही.

काम मिळालं, मागितलं होतं त्याच्या निम्मं आणि दीड महिना उशिराच्या तारखेनं. दुसरी पाळी सुरू झाली. दर सोमवारी दुपारी जर्मनीशी मीटिंग असते म्हणून सुट्टी रविवारी गेली. परप्रांतीय पोरं खूश झाली, त्यांच्या घरचे रविवारीच फोनवर सापडतात. गावाकडची माणसं बँकेच्या कामासाठी आता अर्धी रजा टाकतात आणि मला दोष देतात. त्यांना मी कधी भेटलेले नाही.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना सुट्टीत घरी जाणं म्हणजे काय ते माहीत असेल. नवी चादर, वेगळी वाटी, माझ्यासमोर कुणी कुणाशी भांडत नाही. फोनवर विचारावं तर सगळं ब्येस. फाउंड्रीची एक पाळी बंद झाल्याचं मला चार महिन्यांनी, तेही इचलकरंजीच्या मावशीकडून कळलं होतं. जे मागे राहिले त्यांच्या मते ही आमची काळजी घेणं. आम्हाला ते आपल्याच घरात खोली भाड्यानं दिल्यासारखं वाटतं.

यंदा मी डिसेंबरात यायचं ठरवलं आणि संजूला तसं सांगितलं.

"डिसेंबरात नगं यिऊस," तो म्हणाला. "तपासणीला माणसं यायल्यात, आम्ही कोण घरात नसणार. आईला एकटीला तुझी उस्तवार झेपायची न्हाय. फेब्रुवारीत ये."

मी विचारलं, आप्पा काय म्हणतात?

"तेच म्हणत्यात."

पाहुण्याला नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मला नको म्हणाले. मी फेब्रुवारीचं तिकीट काढलं.