फोटोतली शिलाई मशीन

न पाहिलेल्या शिलाई मशीनसाठी मी मोबाइलवरून पैसे पाठवून दिले. फोटोत मशीन चकाकत होती, विकणारा मला वाक्यागणिक ‘दादा’ म्हणत होता, आणि घरात मला इतका मान देणारं तसंही कुणी नव्हतं. पैसे पोचले आणि त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच. बोंडअळीनं कापूस खाल्ला ते वर्ष. बायकोनं ब्लाऊज शिवून घर सावरायचं ठरवलं होतं, आणि तिची साठवण मी फोटोवर उडवली. मग तिनं आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूला बोलावलं.

साडूइतका संशयी माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापूस पारखायचं त्याचं काम. गाडीतल्या वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे तो बघायचाच नाही. कोपरापर्यंत हात खुपसून आतला ओला कापूस बाहेर काढायचा आणि गाडीवाल्याच्या नाकासमोर धरायचा. ही सवय त्याला कुठंच सोडत नसे. माझ्या लग्नात त्यानं जिलेबीच्या परातीतही तळाशी हात घातला. वाढप्यानं हात जोडले, तर म्हणतो, “वरची पाहुन्यायले दे. मले खालची दाखव.”

दुसरी मशीन त्यानंच मोबाइलवर शोधली, ढाणकीच्या एका म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची. आधी एक पैसा पाठवू दिला नाही. व्हिडिओ कॉल लावून म्हणाला, “मावशे, मशीन उलटी करा. आता चालवा. आता घर दाखवा. मांगं कोन हुभं हाय?”

“मशीन घेऊन राह्यला का सोयरिक जुळवून राह्यला?” मावशी कडाडली. “मलेबी फसवलं एकानं. पैसे पाठवतो म्हने, हे स्कॅन करा! येनारे राह्यले, होते तेच गेले. आता शिवनाऱ्या बाईले समोर आना, तवाच मशीन भेटन.”

आम्ही तिघं एसटीनं ढाणकीला गेलो. माझा पराक्रम साडूनं दारातच सांगून टाकला. मावशीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. बायकोला कापडाचा तुकडा देऊन बाही शिवायला लावली, मग ती उलटी करून शिवण ओढून पाहिली. साडू श्वास रोखून उभा. त्याच्या तोडीचं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

“शिवता येते तुले,” मावशी म्हणाली. “माह्ये डोये साथ देत नाईत, म्हनून देऊन राह्यली.” मशीनच्या चाकावरून तिचा हात काही निघेना. साडूनं घासाघीस न करता, मागितले तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून तिच्या हातात ठेवले.

“मावशे, आठवन आली तं या शिवायले,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

“येईन ना,” मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाली, “पन या मशीनचा फोटो याच्यापासून झाकून ठेवजो, बाई. पाह्यला तं हा हीच मशीन पुन्हा इकत घेईन.”