एक्केचाळीस नंबरचा पत्ता

जुन्या लग्नपत्रिका कापून मी पन्नास पत्ते केले होते. पुढे स्केचपेनने एक ते पन्नास आकडे, मागे जे काय छापलेलं असेल ते. कुठे गणपतीची सोंड, कुठे नवरीच्या मामाचं अर्धं नाव, कुठे 'कृपया आहेर आणू नये'. खेळ अगदी सोपा होता. दोन मुलांनी समोरासमोर बसायचं, दोघांनी एकेक पत्ता उलटायचा, ज्याचा आकडा जास्त त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे. शेवटी ज्याचा ढीग मोठा, तो जिंकला. पोरं इतकी चालू, की महिन्याभरात पाठीवरूनच पत्ते ओळखायला लागली. सोंड दिसली की सदतीस.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या अलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची बालवाडी भरायची. अकरा ते एक. त्या वर्षी मी तिथे शिकवत होते असं म्हणायचं. खरं म्हणजे नुसती जात होते. ऑगस्टमध्ये माझा नवरा गेला होता. छातीत जळजळतंय म्हणून हॉस्पिटलात दाखवायला गेलो आणि बाकावर बसून राहिलो. आमचा नंबर एक्केचाळीस होता, आत सव्विसावा गेला होता. नवरा माझ्या खांद्यावर कलंडला. रात्रपाळी करून आला होता, मला वाटलं डोळा लागला. मी त्याचं डोकं नीट टेकवून घेतलं आणि तशीच बसून राहिले. किती वेळ, ते मला अजून सांगता येत नाही. नंतर सगळी धावपळ झाली, पण नंबरचा तो गुलाबी पुठ्ठा माझ्याकडे कोणी परत मागितला नाही. तो पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिला.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू येईना. भाजीत मीठ नसलं तरी कळेना. सासूबाई मूळच्या भाईंदरच्याच, त्यांच्या सासरची एके काळी मिठागरं होती. स्वतःचा मुलगा गेलेला असून त्या माझ्याकडेच बघत बसायच्या. "रडून घे गो बाय," म्हणायच्या, "अशी दगडावानी बसू नको." मला त्यांचा राग यायचा. राग तेवढा शाबूत होता.

मार्चमध्ये बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने यादी मागितली. जूनपासून पहिलीत कोणाला पाठवायचं आणि कोणाला आणखी एक वर्ष बालवाडीत ठेवायचं, ते बाईंनी लिहून द्यायचं. आमच्यात एक पावणेसहा वर्षांची मुलगी होती, रत्नागिरीकडची. बडबडी, सगळी गाणी पाठ, आकडे वाचायचीही धडाधड. पण पत्ते मांडले की हिचं सगळं उलटं. हिचा नऊ आणि समोरच्याचा तीस आला की ही खुशाल दोन्ही पत्ते आपल्याकडे ओढायची. हिचा चव्वेचाळीस आणि त्याचा बारा, की निमूटपणे आपला पत्ता देऊन टाकायची. मी दहा वेळा सांगितलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच. एरवी मी तिला जवळ बसवून विचारलं असतं, असं का गं करतेस? तेव्हा नाही विचारलं. यादीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'आकड्यांची समज नाही. आणखी एक वर्ष.' लिहायला एक मिनिटही लागलं नाही.

तिच्या आईला कुठून तरी कळलं. ती स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायची. एक दिवस अर्धी सुट्टी टाकून आली.

"बाई, हिला घ्या ना पहिलीत. शाळा पाच तास असते, बालवाडी दोनच तास. सासूचे पाय सुजतात, नीट दिसत पण नाय. दिवसभर हिला बघणार कोण? यंदा नाय झालं तर गावी पाठवायला लागेल, जावेकडे."

मुलगी आईच्या ओढणीचं टोक धरून मागे उभी होती. गावी पाठवायचं म्हटल्यावर तिने ते टोक हाताला गुंडाळून घेतलं. मी सगळं बघितलं आणि म्हणाले, "बघू." घरी येऊन यादी पर्समध्ये घडी करून ठेवली. शुक्रवारी द्यायची होती.

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी मला जवळजवळ ढकलूनच धर्मादाय दवाखान्यात पाठवलं. मला काही झालेलं नव्हतं, पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दवाखान्यात बसणं बरं. तिथे सात वाजता नंबर वाटायचे आणि नऊला डॉक्टर यायचे. कंपाउंडरने मला अठरा नंबरचा पांढरा पुठ्ठा दिला. मी तो पर्समध्ये टाकला आणि बसले.

"बाई! तुम्ही पण?"

तीच मुलगी. शेजारी बाकावर तिची आजी, पाय पुढे पसरून.

"दर सोमवारी नि गुरुवारी येतो आम्ही," आजी म्हणाली. "मी आपली हळूहळू मागून येते. ही पुढे धावत येऊन नंबर लावते."

"आज सहा लागला," मुलीने पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला. "मागच्या टायमाला अकरा होता. हरलो."

"हरलात?"

"मग? अकरा म्हणजे किती उशीर! सहा भारी. तुमचा दाखवा ना."

दर वेळी न चुकता उलटं उत्तर देणाऱ्याला बरोबर उत्तर माहीत असतं, एवढी साधी गोष्ट मला महिनाभर सुचली नव्हती. तिला आकडे माझ्याइतकेच कळत होते. जास्त आकडेवाला जिंकतो, हे तेवढं तिने कुठे बघितलेलं नव्हतं. मला लाज वाटली. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

"दाखवा ना, बाई."

मी पर्समध्ये हात घातला आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिने वाचला. "एक्केचाळीस." तिचा चेहराच उतरला. मी बघितलं तर गुलाबी पुठ्ठा.

"बाई, हा नाय लागणार," ती हळूच म्हणाली. "एवढा जास्त नाय लागत. डॉक्टर निघून जातात."

"हो," मी म्हणाले. "नाही लागला."

तिने थोडा विचार केला. मग आपला सहाचा पुठ्ठा गुलाबी पुठ्ठ्यावर ठेवला, अगदी बालवाडीत ठेवायची तसा. "माझा कमी आहे. म्हणजे दोन्ही माझे. तुम्ही आमच्याबरोबर चला."

मी रडले. भरल्या दवाखान्यात, सकाळी सव्वाआठला, तोंडात पदर कोंबून. आजीने पाय आवरून जागा केली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. सहा नंबर पुकारला तेव्हा मुलगी आम्हा दोघींना ओढतच आत घेऊन गेली. पेशंट कोण, डॉक्टरांनी विचारलं. "दोघी," ती म्हणाली.

त्याच दिवशी अकरा वाजता मी मुलांना सांगितलं, आज खेळ उलटा. ज्याचा कमी, त्याचे दोन्ही. तिने समोरच्याला पार धुऊन काढलं. मग मी म्हटलं, आता पहिल्यासारखा, जास्तवाला घेईल. ती थांबली.

"जास्तवाला म्हणजे जो मागे राहतो, तोच ना?"

"तोच."

"मग तो का जिंकतो?"

"उगाच," मी म्हणाले. "आपला खेळ आहे म्हणून."

तेवढं तिला पुरलं. एकदाही न चुकता खेळली. मी पर्समधून यादी काढली, तिच्या नावापुढची ओळ खोडली आणि 'पहिलीत पाठवावे' असं लिहिलं. जूनमध्ये ती पहिलीत गेली. गावी गेली ती दिवाळीच्या सुट्टीत, आईबरोबर.

त्या गुरुवारी मुलं गेल्यावर मी डब्यात भरायला पत्ते मोजले, तर एकावन्न भरले. गुलाबी पुठ्ठा तिने ढिगात घातला होता. काढायला हात गेला होता, पण राहू दिला. आमच्या खेळात जास्तवाला जिंकायचा, आणि एक्केचाळीसला हरवणारे पत्ते फक्त नऊ होते.