सांगा, दारू पितो म्हणून

“इंजन तापलंय. दोन मिंटं.” एवढं म्हणून ते जीप कडेला घ्यायचे, सीटखालची बाटली बगलेत मारायचे आणि गाडीच्या मागे नाहीसे व्हायचे. परत यायचे तेव्हा तोंड ओलं आणि डोळे लालभडक.

आता अशा माणसाबद्दल तुम्ही काय समजाल? आम्हीही तेच समजलो.

पाटणहून कोयनानगरकडे वडाप चालवायचे ते. मावतील तेवढी माणसं आणि न मावणारी आणखी चार, असं ते वडाप. माझी शाळा त्या रस्त्यावर, त्यामुळे पुढची सीट माझी ठरलेली. आता माझी बदली रहिमतपूरला झालीय, पण रस्त्याकडेला एखादी जीप थांबलेली दिसली की माझी मान अजून तिच्या मागच्या बाजूला वळते.

गाडी मात्र देवघरासारखी. डॅशबोर्डवर गुलाबी केसाळ कापड, त्यावर गणपती, गणपतीपुढे उदबत्ती. रोज सकाळी ते सुक्या फडक्यानं ते कापड असं झोडपायचे की मागच्या सीटवर शिंकांची लाइन लागायची. रस्त्याचं काम चालू, पुढच्या डंपरचा धुरळा थेट तोंडावर. काच लावा म्हटलं, तर म्हणायचे, “काच लावली की वळणावर मानसं वकत्यात, बाई. धुरळा परवडला.”

लोक तोंडावर चेष्टा करायचे. “काय रं गड्या, सकाळ सकाळीच?” कुणीतरी मागून ओरडायचं. हे आरशात बघून हसायचे. “थंडी लय हाय, आण्णा.” नाही म्हणून कधी म्हणाले नाहीत. गंमत म्हणजे त्यापायी कुणी गाडीतून उतरलंही नाही. उलट कौतुकच. पिऊनसुद्धा किती सरळ चालवतो बघा! मी शेजारी बसायची, वास कधी आला नाही. म्हटलं, वेलदोडा खात असतील.

शिमगा झाल्यावर एका सकाळी मात्र तिसऱ्यांदा इंजन तापलं. माझी शाळा भरायची वेळ झालेली, डोकं सणकलं. आज ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी उतरले आणि गाडीमागे गेले. बघते तर हे उकिडवे बसलेले, मान वर, आणि बाटलीतलं पाणी सरळ उघड्या डोळ्यांत ओततायत. मग दोन्ही मुठींनी डोळे असे चोळायला लागले की माझ्याच अंगावर काटा आला.

“अहो, हे काय?”

ते दचकले. बाटली हातातून सुटली. पाणीच होतं हो, निव्वळ पाणी!

“बाई, पाया पडतो, कुनाला सांगू नगासा.”

“काय सांगू नको? पाणी घेता म्हणून?”

“डोळ्याचं. सांगायचंच झालं तर सांगा, दारू पितो म्हणून.”

ते खाली बघून बोलत होते. “पिनाऱ्याच्या गाडीत मानसं बसत्यात, बाई. आंधळा हुनाऱ्याच्या गाडीत कोन बसंल? माझ्या आईचं आसंच झालं. चुलीम्होरं डोळं चोळता चोळता गेलं. माझ्या बायकूनं हाताला धरून परसाकडं नेली तिला, पार मरस्तवर. आता माझाबी हात तिनंच धरायचा का?”

म्हणजे बायकोलाही सांगितलं नव्हतं. तीही दारूच समजत होती. दर सोमवारी ती ह्यांना देवळात नेऊन दारू सोडल्याची शपथ घालायची, आणि कधी थेंबाला न शिवलेला हा माणूस मुकाट्यानं शपथ घ्यायचा. मंगळवारी डोळे पुन्हा लाल.

“आणि आम्हाला घेऊन घाट चढता तुम्ही?” मी भडकलेच.

“दिसतंय की वं सगळं! खाज सुटली, पानी आलं की थांबतो. म्हनून तर थांबतो.”

“ते मला नका सांगू, डॉक्टरला सांगा. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी कराडला यायचं. नाहीतर सगळ्या गाडीला ओरडून सांगते, हा माणूस दारू पीत नाही म्हणून!”

ते निमूट आले. एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी करून बघितली आणि विचारायला सुरुवात केली.

“घरात चूल आहे?”

“हाय.”

“जनावरं?”

“दोन म्हशी. भित्तीपल्याड.”

“आणि तुम्ही झोपता कुठे?”

“भित्तीअल्याड.”

“धुळीत काम? उदबत्तीचा धूर? केसाळ कापड, पांघरूण?”

“सगळं आहे,” मीच म्हणाले.

ते रडकुंडीला आले. “मंग म्या ऱ्हाऊ तरी कुठं, बाई?”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग अक्षरं वाचायला लावली. ती ह्यांनी लांबून नंबरप्लेट वाचावी तशी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. त्यानंतर यंत्राला हनुवटी टेकवून तपासणी. ह्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले, आणि खरं सांगते, मीही पदर मुठीत आवळून बसले होते.

“डोळे चांगले आहेत. ही ॲलर्जी आहे,” त्या म्हणाल्या. “आईंना काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, पण तुम्ही आंधळे होत नाही आहात. औषध देते. चोळणं मात्र बंद. चोळून चोळून नजर खराब कराल.”

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. “आयला,” म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, “आयला, बाई.” माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

जमेल तेवढं त्यांनी पुढे केलं. केसाळ कापड गेलं, उदबत्ती गेली, फडकं ओलं झालं, धुरळा अडवायला चष्मा आला. म्हशी हलल्या नाहीत, पण खाट हलली. आणि आता ते छाती ठोकून सांगतात, म्या पीत न्हाई, तर कुणी विश्वास ठेवत नाही.

पण त्या शनिवारी मी त्यांना घरी सोडायला गेले, ते सांगायचं राहिलंच. बायको दारातच उभी होती. डोळे बघून म्हणाली, “झालं का सुरू? आन बाईंच्या देखत?”

“न्हाई गं. कवाच पिलो न्हाई.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ऐकून ती फुटलीच. “गावभर मला दारुड्याची बायकू करून ठिवलंसा?”

“तुला पुन्यांदा कुनाचा हात धराया लागू ने म्हनून...”

“धरायचा का न्हाई ते माझं मी बगितलं असतं! तुमाला कुनी इचारलं हुतं?”

रडत रडतच तिनं माझ्या हातातली औषधाची बाटली ओढून घेतली, ओट्यावर बसली आणि ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. “उघडा डोळं. हलू नगा.” थेंब पडला.

“दिसतंय का?”

“दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“चिडल्याली बाई.”

“मंग बराबर दिसतंय,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या डोळ्याची पापणी बोटानं हळूच वर केली.