फुईचं व्याकरण

आमची फुई आम्हाला वर्तमानकाळ शिकवायची, भविष्यकाळ शिकवायची. भूतकाळ मात्र तिने कधी शिकवला नाही. व्याकरणाच्या पुस्तकातली तेवढी पानं तिने खळ लावून चिकटवून टाकली होती. कारण विचारलं तर म्हणायची, “घरमा भूतनं काय काम शे?” मला आणि धाकट्या बहिणीला, शेवंतीला, वाटायचं, भूतकाळ म्हणजे भुतांचाच काळ, आणि त्या जाडजूड पानात ती दाटीवाटीने बसलेली असणार. पुस्तक उघडताना मी तिथे बोट लागू देत नसे.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, शाळा होती, पण मुलांत मुली बसवायच्या नाहीत हा आबांचा, आमच्या वडिलांचा, हट्ट. पोरी अडाणी ठेवायच्या नाहीत, हा दुसरा हट्ट. या दोन हट्टांमधून फुईची शाळा निघाली. मिरच्या कांडताना पाढे चालत. पाढा चुकला की मुसळ थांबे, आणि आतून माय विचारी, आता कोण अडलं? दुपार कलली की ओसरीवर गोधडी पडे. बोलणं अहिराणीत, पाटीवर मात्र मराठी. पाटीवर ‘शे’ दिसलं की पुसून ‘आहे’ लिहायचं.

फुईला वाचायला शिकवलं ते फुवांनी, तिच्या नवऱ्याने. मी जन्मले त्या वर्षी ते एका लाकडाच्या ठेकेदाराकडून सागाची मोजणी करायला अक्कलकुव्याच्या वर डोंगरात गेले. जाताना बायकोला सरावासाठी कित्ता लिहून देऊन गेले. दिवा लाव. पाणी आण. मी जातो. मी येतो. त्यानंतर ना माणूस आला, ना निरोप. आबा दोनदा शोधून रिकाम्या हाताने परतले. फुई माहेरी आली ती कित्ता घेऊन आणि कपाळभर कुंकू लावून.

आम्ही तोच कित्ता गिरवला. फुवा ‘ग’चा काना मुळापासून जरा लांब काढायचे, काठी बाजूला उभी करून ठेवावी तसा. माझाही ‘ग’ तसाच उतरू लागला. कित्ता पुरुषाने लिहिलेला, म्हणून पाटीवर मीही ‘मी जातो, मी येतो’ असंच लिहायची. फुईने ते कधी दुरुस्त केलं नाही. माझी पाटी मात्र ती फार वेळ हातात धरून बसे.

गोधडीवर एक जागा रिकामी असायची. तिथे कुणी सरकलं की फुई हळूच म्हणे, “सरकी बस, त्यास्ले जागा दे.” त्यास्ले म्हणजे त्यांना, फुवांना. आम्ही सरकायचो. ओसरीवर सावली असायची, पण ती जागा हाताला ऊन लागे. शेवंती म्हणे मांजर बसत असेल. आमच्या घरात मांजर नव्हतं.

एकदा बकरी मेली. अंगणात ताठ पडलेली, वर माश्या. फुई म्हणाली, “बकरी उठत नई.” मेली म्हणाली नाही. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो, आणि मग हसू गेलं, कारण फुई तिच्यापुढे पाणी ठेवत होती.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा फुईच्या सासरहून निरोप आला. बारा वर्षं भरली, आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकू, सुनेने कुंकू पुसावं. आबा खाली मान घालून बसले. फुई चुलीपुढून उठलीही नाही. तिथूनच म्हणाली, “त्यास्ना हातनी चिठी येऊ द्या, मंग पुससू.” निरोप्या चहा न घेता गेला.

त्याच महिन्यात आबांनी शहाद्याहून ओळखीचे एक मास्तर बोलावले. मला धुळ्याला मुलींच्या शाळेत घालायचं मनात होतं, त्यासाठी कितवीत बसेन ते पाहायचं होतं. पाढे, वाचन, शुद्धलेखन झालं; मास्तर खूश झाले. मग त्यांनी काळ विचारले; मी दोनच सांगितले. त्यांनी पुस्तक चाळलं, चिकटलेली पानं पाहून हसले आणि चाकूने सोडवली. आत नुसती अक्षरं होती. मास्तरांनी दोन उदाहरणं समजावून दिली आणि म्हणाले, आता ‘मी जातो’ याचा भूतकाळ लिही.

मी लिहिलं, ‘मी गेलो.’

मास्तर म्हणाले, अगं मुली, गेलो नव्हे, गेले. पूस ते. ओला फडका आणायला मी पाटी घेऊनच आत गेले. फडका ओला करून वळले, तर दाराआड फुई उभी होती. तिने पाटी घेतली. ‘ग’च्या त्या लांब काढलेल्या काठीवर बोट ठेवलं, आणि किती वेळ ते उचललं नाही.

“चिठी उनी,” ती म्हणाली. आली म्हणायला आमच्याकडे उनी म्हणतात. भूतकाळातलं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी रडत सांगितलं की हे मी लिहिलं, मास्तरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “हात तुन्हा शे, अक्षर त्यास्नं.” मग माझ्याच हातातल्या ओल्या फडक्याने तिने कपाळ पुसलं.

धुळ्याला जाईपर्यंत मी तिच्यापाशीच शिकले. भूतकाळही तिनेच शिकवला, नीट, उदाहरणं देऊन. त्या रिकाम्या जागेवर आता ती स्वतः बसे. त्या ‘गेलो’बद्दल तिने मला कधी दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पुढे मी मास्तरीण झाले. वर्गात ‘जाणे’चा भूतकाळ फळ्यावर मी कधी लिहिला नाही, मुलींकडून लिहवून घेतला.

फुई वारली तेव्हा मी गावीच होते. आबांना वयामुळे लिहवत नसे, म्हणून नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं कार्ड फुईच्या सासरचं. वर ‘श्री’ न काढता तिथी घातली, खाली लिहिलं, फुई आज पहाटे गेली. शाई वाळवण्यासाठी कार्ड उन्हात धरलं आणि वाचलं. अक्षर फुवांचं होतं. त्यात ‘गेली’ नव्हतं. लिहिलं होतं, ‘आली’.

मी दुसरं कार्ड घेतलं आणि ते शेवंतीकडून लिहवलं. पहिलं अजून माझ्यापाशी आहे.